हंगाम संपताना डायव्हिंगच्या सामानातलं मीठ काढा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला. येत्या काही दिवसांत वास्कोजवळच्या ग्रँड आयलंड बेटाकडे जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातील, त्यांच्यावर ताडपत्री चढेल आणि चवथीपर्यंत पाण्याखाली फारसं कुणी जाणार नाही. याच आठवड्यात डायव्हिंगचं सामान खोलीत जातं आणि दरवाजाला कुलूप लागतं. ते आत कसं जातं यावर सप्टेंबरात ते कसं बाहेर येईल हे ठरतं. म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे. जरा लांबेल, पण शक्य असल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी चिखलीत राहते. वास्कोतल्या एका डायव्हिंग केंद्रात गेले अकरा हंगाम सामान धुणं, वाळवणं आणि जागच्या जागी ठेवणं हे माझं काम आहे. हे काम मला नौदलातून निवृत्त झालेल्या एका काकांनी शिकवलं. ते रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं उपकरण, उघडून दुरुस्त करायचे आणि मी शेजारी बसून बघायची. पण मिठाची ओळख मला त्याच्याही आधीची. माझं माहेर पेडण्यातल्या आगरवाड्याचं. वडील मिठागरात काम करायचे. मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात उन्हा-वाऱ्यावर सोडून द्यायचं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात आणि त्यांचे दाणे धरतात. आम्ही मुलं बांधावर बसून ते दाणे कडेला उगवताना बघायचो.

डायव्हिंगवरून आल्यावर जॅकेट, सूट, फिन्स न धुता गच्चीवर उन्हात टाकणारा माणूस नेमकं तेच करत असतो. तो मीठ पिकवतो. फरक एवढाच की आगरातलं मीठ फळीनं ओढून घेता येतं. इथे ते बटणाच्या स्प्रिंगखाली, चेनच्या दातांत आणि शिवणीत पिकतं. तिथून ते ओढून काढायला कुणाचंच बोट पोचत नाही.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे: सामान वाळायच्या आत त्याला गोडं पाणी लागलं पाहिजे. ओलं आहे तोवर मीठ पाण्यातच विरघळलेलं असतं आणि भरपूर स्वच्छ पाण्यात निघून जातं. एकदा दाणा धरला की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याला तो दाद देत नाही. मग कोमट पाण्यात तासन्‌तास भिजत घालावं लागतं. कोमट म्हणजे हात सुखानं घालवेल इतपत, कढत नव्हे. कढत पाण्यानं रबर आणि गोंद दोन्ही जातात.

आणि आपल्या गोव्यात मीठ वाळून गप्प बसत नाही. जाड्या मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते, हे या पत्राच्या वाचकांना मी सांगायला नको. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात. वडील मिठाच्या राशी चुडतांनी शाकारून ठेवायचे, तरी जुलैत राशीखालची माती भिजलेली असायची. सामानात राहिलेलं मीठसुद्धा मृग लागला की पुन्हा पाणी धरतं, आणि पितळ, स्प्रिंग, चेन सगळं चार महिने त्या खाऱ्या ओलाव्यात बसून राहतं. कोरड्या हवेच्या गावात जे सामान कपाटात तग धरेल, ते इथे धरेलच असं नाही.

आता एक घटना सांगते. ती सांगायला मला जड जातं, पण ती लिहिल्याशिवाय हे पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. होडी उशिरा आली, पाण्याचा टँकर आलाच नव्हता. चौदा जॅकेटं, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळणारी, ज्यांना बीसीडी म्हणतात ती, मी एकाच ड्रममधून बुचकळून काढली आणि टांगली. आतल्या पिशवीत पाणी घालून खळबळवायचं राहिलं. इन्फ्लेटरची, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या-सोडायच्या नळीची, बटणं पाण्याखाली धरून दाबायची राहिली. उद्या करीन असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक जॅकेट घालून माझा भाचा उतरला. तो डायव्ह गाईड आहे. आठ-नऊ मीटरवर त्यानं जॅकेटमध्ये थोडी हवा घ्यायला बटण दाबलं आणि ते आतच अडकलं. हवा भरतच राहिली, जॅकेट फुगलं आणि त्याला वर खेचू लागलं.

पाण्यात दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास कोंडून ठेवून माणूस वर आला, तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटण्याची भीती असते ती त्यामुळे. भाच्याला नीट शिकवलेलं होतं. त्यानं इन्फ्लेटरची नळी हिसका देऊन सोडवली, जॅकेटमधली हवा बाहेर सोडणाऱ्या डम्प व्हॉल्व्हची दोरी ओढली आणि सारा वेळ तोंडातून श्वास सोडत राहिला. यावं त्याहून वेगानं वर आला, पण सुखरूप आला. त्याच्या जागी पहिल्यांदा उतरलेला पाहुणा असता तर, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

काकांनी संध्याकाळी ते बटण उघडलं. खालून तांदळाच्या कणीएवढा पांढरा दाणा निघाला. त्यांनी तो कागदावर ठेवून माझ्यासमोर सरकवला आणि एक शब्दही बोलले नाहीत. तो चौकोनी दाणा मी ओळखला. बांधावर बसून बघितलेले दाणे तसेच असायचे.

त्या दिवसापासून मी जॅकेट कसं धुते ते लिहिते. आधी आतलं खारं पाणी उलटं धरून काढायचं. पाण्यात असताना नळीवाटे ते आत जातंच, प्रत्येकाच्या जॅकेटमध्ये जातं. मग इन्फ्लेटरच्या तोंडातून, हवा सोडायचं बटण दाबून धरून, लिटर-दीड लिटर गोडं पाणी आत घालायचं. जॅकेट अर्धं फुगवायचं. चारी बाजूंनी खळबळवायचं, जसं घागर धुताना आपण पाणी फिरवतो तसं. खालच्या व्हॉल्व्हमधून थोडं, नळीतून थोडं असं ते काढायचं, म्हणजे सगळ्या वाटा धुतल्या जातात. हे पुन्हा एकदा करायचं. मग बाहेरून धुवायचं आणि प्रत्येक बटण पाण्याखाली दहा-पंधरा वेळा दाबून सोडायचं. शेवटी आतलं पाणी पूर्ण निथळून, अर्धं फुगवूनच टांगायचं. सपाट ठेवलं तर पिशवीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि ओल मध्ये अडकते. त्या ओलीत जंतू आणि बुरशी दोन्ही वाढतात. म्हणूनच जॅकेटमधली हवा श्वासात घेऊ नये असं जाणते लोक सांगतात.

रेग्युलेटरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते आणि ती करणारा माणूस मनापासून काळजी घेणाराच असतो. होतं असं: तो घरी येतो, रेग्युलेटर बादलीत बुडवतो आणि चांगलं धुतलं जावं म्हणून सेकंड स्टेजचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, हवा बाहेर सोडणारं पर्ज बटण दाबत बसतो. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसताना ते बटण दाबलं की आतला व्हॉल्व्ह उघडतो. हवेचा दाब नसल्यामुळे बादलीतलं पाणी नळीतून उलटं चढत थेट फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागात, जातं. तिथे ते सहजासहजी सुकत नाही. बाहेरून सगळं लखलखीत आणि आतून गंज.

काकांची पद्धत सोपी होती. सिलिंडर जोडलेला आणि हवा चालू असतानाच सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं. तेव्हा पर्ज दाबला तर हवा बाहेर येते, पाणी आत जात नाही. मग सिलिंडर बंद करायचा, पर्ज दाबून नळीतली हवा सोडायची, रेग्युलेटर काढायचा. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप कोरड्या फडक्यानं टिपून घट्ट बसवायची. कॅपवर पाण्याचा एक थेंब असेल तर तो कॅप बसवताना आतच जातो, म्हणून हे टिपणं फार महत्त्वाचं. नंतर बादलीत भिजवायचं असेल तर कॅप घट्ट आहे ना हे दोनदा बघायचं आणि पर्जला हात लावायचा नाही.

हवेच्या वाटेवर, फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी एक छोटी धातूची गाळणी असते. ती हिरवी दिसली की समजावं, पाणी आत गेलं आहे. फर्स्ट स्टेज बहुधा पितळेचा असतो, वर क्रोमचा मुलामा असतो. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं ना, तोच हिरवा कळंक. फक्त इथे त्यातून श्वास घ्यायचा असतो. अशी गाळणी दिसल्यावर रेग्युलेटर वापरू नये, जाणकाराकडे उघडायला द्यावा. तशीही उत्पादकानं सांगितलेल्या मुदतीत त्याची तपासणी व्हायला हवी, बहुतेकांची मुदत एक ते दोन वर्षांची असते. पावसाळा हाच त्यासाठी योग्य काळ. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच धावत येतात.

ठेवताना नळ्या तीव्र वळणानं दुमडू नयेत. मोठे सैल वेटोळे करून सपाट ठेवाव्यात किंवा जाड खुंटीला अडकवाव्यात. माउथपीसवर मी सुती कापडाची टोपी बांधते, कारण मुंग्या आणि झुरळं त्यात घर करतात. एकदा एका माउथपीसमधून मी झुरळाची अंडी काढली आहेत.

वेटसूट हा भाग लोकांना कपड्यासारखा वाटतो, म्हणून कपड्यासारखे त्याचे हाल होतात. धुण्याच्या मशीनमध्ये घालतात, पिळतात, तारेच्या हँगरवर कडक उन्हात वाळत टाकतात आणि घडी घालून पेटीत ठेवतात. सूटचं रबर म्हणजे निओप्रीन. त्यात बारीक बंद फुगे असतात, त्यांतल्या वायूमुळेच अंगाला ऊब राहते. चार महिने घडी राहिली की घडीवरचे फुगे दबतात आणि तिथून पाण्याचा गारवा लागतो. ऊन रबर कडक करतं, ते चिरतं. ओला सूट जड असतो, बारीक हँगरवर त्याचे खांदे ओढले जातात.

मी सूट उलटा करून धुते, कारण घाम आतून असतो. स्पष्ट लिहायला हवं, लघवीसुद्धा असते. भाड्याच्या सूटमध्ये ती असतेच, त्याबद्दल नाक मुरडून चालत नाही, धुवावंच लागतं. लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचे दोन थेंब बादलीत पुरतात. ब्लीच घालू नये, त्यानं रबर आणि शिवण दोन्ही कुजतात. पिळायचं नाही, हातानं दाबत दाबत पाणी उतरवायचं. मग जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या जाड बांबूवर कमरेत मध्यावर टाकायचा. आधी आतली बाजू वाळू द्यायची, मग सुलटा करायचा. सावलीत, वाऱ्यावर. वारा नसेल तर पंखा लावा, पण उन्हाचा मोह नको. पूर्ण वाळल्यावर मात्र रुंद खांद्यांच्या हँगरवर सैल टांगून ठेवायचा. चेनवर मेणबत्तीचा तुकडा दोनदा फिरवला की ती चवथीनंतर अडत नाही. पायातल्या रबरी बुटांच्या टोकाशी ओल सर्वांत उशिरापर्यंत राहते. तिथे मी आपल्याच दैनिकाचे जुने अंक चुरगळून कोंबते आणि दुसऱ्या दिवशी बदलते. कागद कोरडा निघाला की बूट वाळले.

मास्क आणि फिन्सना फार वेळ लागत नाही. मास्कचं पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला टेकवून ठेवलं तर त्यावर डाग उतरतात, म्हणून त्याच्या डबीतच ठेवावं, आणि डबीत घालण्याआधी पूर्ण सुकवावं, नाहीतर कडेला काळे ठिपके पडतात. ते ठिपके बुरशीचे असतात आणि जात नाहीत. फिन्स पात्याच्या टोकावर उभ्या करून ठेवू नयेत, वाकतात ती वाकलेलीच राहतात. डायव्ह कॉम्प्युटर कोमट पाण्यात तासभर ठेवावा, त्याच्या दाब मोजायच्या छिद्रात मीठ साचलं तर खोलीचा आकडा चुकू शकतो. टॉर्चची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन ठेवावी.

सिलिंडर मात्र लोक विसरतात. वरून पाणी मारलं की झालं असं वाटतं. खालचा रबरी बूट आणि अंगावरची जाळी काढून बघा, आत खारं पाणी साचलेलं असतं आणि ॲल्युमिनियमवर पांढरे फोड आलेले असतात. बूट काढूनच धुवायचं. पावसाळ्यात सिलिंडर उभा, पक्का बांधून ठेवायचा. पूर्ण रिकामा करून व्हॉल्व्ह उघडा टाकला तर दमट हवा आत जाते, म्हणून थोडा दाब, साधारण 20 बारच्या आसपास, आत राहू द्यायचा. हंगाम सुरू होण्याआधी जाणकाराकडून आतून तपासून घ्यावा.

सगळं धुऊन वाळलं तरी ठेवायची जागा चुकली तर मेहनत वाया जाते. आपल्या चिऱ्याच्या भिंतींना पावसाळ्यात घाम फुटतो. सामान भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून वर असावं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आतली ओल बाहेर जायला वाट राहत नाही. पेट्रोल-डिझेलचे कॅन, इंजिन, चालती मोटर यांच्या खोलीत रबर ठेवू नये. आणखी एक, जे मी दोन घरांत बघितलं आहे: झुरळं नकोत म्हणून सामानात डांबराच्या गोळ्या टाकतात. कृपा करून टाकू नका. तो वास रबरात मुरतो आणि पुढे त्या नळीतून कुणीतरी श्वास घेणार असतं. श्रावणात उघडीप मिळाली की एक दिवस सगळं बाहेर काढावं, हवेवर टांगावं, बटणं दाबून बघावीत. मी हे सप्ताहाच्या सुमारास करते. वास्को त्या दिवसांत भजनात असतं आणि केंद्र बंदच असतं, निवांतपणे होतं.

हे सगळं लिहिताना मला माहीत आहे, वाचणारा विचारेल: एवढं पाणी आणायचं कुठून? मे महिन्यात वास्कोत नळाला पाणी किती वेळ असतं, ते आम्हा बायकांना घड्याळ न बघता कळतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी याच दिवसांत मचूळ होतात. होडीवर एक दोनशे लिटरचा ड्रम ठेवलेला असतो आणि वीस जणांचं सामान त्यातून जातं. प्रत्येक सूट-जॅकेट आपल्याबरोबर दोन-तीन लिटर समुद्र घेऊन येतं आणि तेवढंच पाणी घेऊन बाहेर जातं. माझ्या हिशेबानं विसाव्या माणसापर्यंत त्या ड्रमातलं पाव पाणी समुद्राचं झालेलं असतं. सकाळच्या ड्रममध्ये मी बोट बुडवून जिभेला लावते तेव्हा चव लागत नाही, दुपारी लागते. काका रागवायचे, त्यात जंतू असतात म्हणायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. पण आगरातल्या माणसाची जीभ थांबत नाही.

म्हणून मी तीन टाक्यांची पद्धत लावली आहे. पहिलीत सगळं बुचकळून खारटपणाचा मोठा भाग काढायचा, दुसरीत भिजवायचं, तिसरीचं पाणी फक्त रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटरसाठी. दुसऱ्या दिवशी पहिलीचं पाणी टाकायचं, दुसरीचं पहिलीत, तिसरीचं दुसरीत आणि नवं पाणी फक्त तिसरीत. एका माणसाच्या सामानाला पंधरा-वीस लिटरमध्ये भागतं. टाकलेलं पाणी मी माडांना घालते. माडाला थोडं मीठ चालतं, आपल्याकडे पूर्वीपासून आळ्यात मीठ टाकतातच. माउथपीस मात्र प्रत्येक माणसानंतर वेगळ्या जंतुनाशक द्रावणात, त्याच्या बाटलीवर लिहिलेला वेळभर बुडवून, पुन्हा गोड्या पाण्यात काढायचे. कोरोनाच्या काळात सगळ्यांनी हे केलं, नंतर पुष्कळांनी सोडलं.

माझी संबंधित खात्यांना आणि पंचायत-पालिकांना विनंती आहे की डायव्हिंगच्या होड्या जिथे लागतात, तिथे गोड्या पाण्याची एक टाकी, दोन नळ, सावलीला छप्पर आणि सांडपाण्याला चर एवढी सोय करावी. मच्छीमारांनाही तिचा उपयोग होईल. आमचे मच्छीमार बाहेरच्या बाजूची इंजिनं गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून धुतात, ते पाणी घरून डोक्यावर आणतात. पाणी कुठून, याचंही उत्तर आपल्याच डोक्यावर आहे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटरच्या छपरावर तेवढा पाऊस म्हणजे हिशेबानं 3 लाख लिटर. सगळा साठवता येणार नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या सरींनी दहा हजार लिटरची एक टाकी भरून ठेवली, तर रोज वीस जणांचं सामान धरून पंचवीस दिवस नळाला हात लावावा लागणार नाही. दिवाळीपासून नाताळपर्यंतच्या गर्दीचा अर्धा भार त्यातच निघेल.

समुद्रातून वर आलेल्या वस्तूला गोडं पाणी हवं, हे गोव्याला नवीन नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आपल्याच किनाऱ्याजवळ सुंची रीफला बुडालेल्या जहाजाचा अभ्यास केला. अशा जहाजांवरच्या मातीच्या आणि धातूच्या वस्तू वर काढल्यावर जतन करताना गोड्या पाण्यात ठेवतात आणि पाणी बदलत बदलत त्यांच्यातलं मीठ काढतात, नाहीतर सुकताना दाणे धरून वस्तू आतून फुटते. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मला माझ्या कामाची किंमत पहिल्यांदा कळली.

मी स्वतः एकदाच खाली गेले आहे. ग्रँड आयलंडजवळ, पाच-सहा मीटरवर, भाच्याचा हात धरून. मासे पाहिले, पण लक्षात राहिला तो श्वासाचा आवाज. आत घेताना सूं, सोडताना बुडबुडे. तो रेग्युलेटर आदल्या दिवशी मीच धुतला होता.

तारकर्लीला किंवा इथेच शिकून स्वतःचं सामान घेणारी मुलं-मुली आता गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे कोर्सचं पुस्तक असतं, पण आजोळच्या विहिरीवर सामान कसं धुवायचं हे त्यात नसतं. माझ्या चिखलीच्या घराच्या विहिरीला अजून गोडं पाणी आहे, मी आजच चाखून पाहिलं. पाऊस सुरू होईपर्यंत रोज संध्याकाळी चार ते सहा या वेळात मी पडवीतच असते. वास्को परिसरातल्या कुणाला आपलं सामान बंद करण्याआधी धुऊन घ्यायचं असेल, कसं करायचं ते बघायचं असेल, तर त्यांनी यावं. पैसे घेणार नाही. पत्ता संपादकांकडे दिला आहे. मुंबईहून रेग्युलेटर दुरुस्तीला न्यायला माणूस येतो, तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल, त्याच्याकडे द्यायचे असतील तर त्याआधी आणावेत. रुंद खांद्यांचा हँगर मात्र प्रत्येकानं आपला आणावा, माझ्याकडचे सगळे भरले आहेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, चिखली-वास्को
(नाव व पत्ता संपादकांकडे)